मधलीवाडी गाळली तो रविवार

लग्नाआधी सासऱ्यांनी विचारलं होतं, आमदाराचा पीए नेमकं करतो काय? ‘पत्रं लिहितो,’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला होता. सोळा वर्षं झाली, दुसरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आमचा मतदारसंघ रत्नागिरी जिल्ह्यात. मुंबईत अधिवेशन असलं की रविवारी रात्री कोकणकन्या धरायची, पहाटे सीएसएमटीला उतरायचं, आमदार निवासात अंघोळ करून अकराच्या आत विधान भवन. शुक्रवारी दुपारनंतर सभागृह रिकामं होऊ लागतं, कारण सगळ्यांनाच गावची गाडी पकडायची असते. अधिवेशन नसलं तर मंत्रिमंडळाची बैठक असेल त्या एक-दोन दिवसांत मंत्रालय, कारण एरवी मंत्री मुंबईत सापडत नाहीत. शनिवार-रविवार लग्नं, साखरपुडे, पूजा, उत्तरकार्यं. लग्न चुकलं तर लोक समजून घेतात. उत्तरकार्य चुकलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

कोकणातल्या आमदाराची आणखी एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. आमचे निम्मे मतदार लालबाग-परळ, दिवा आणि नालासोपाऱ्यात राहतात. प्रत्येक वाडीचं मुंबई मंडळ असतं. गावच्या देवळाचा रंग ठरवायचा अधिकारही त्याच्याकडे असतो. त्यामुळे मुंबईत आलो म्हणून मतदारसंघापासून सुटका नाही. संध्याकाळी सहानंतर खोलीत पाय ठेवायला जागा नसते.

रविवारी गावच्या कार्यालयात मी साठ-सत्तर पत्रं काढतो. कॉलेज प्रवेश, बदली, हॉस्पिटलच्या बिलासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी, निराधार योजनेत नाव. बदलीच्या पत्रांचा उपयोग किती होतो, हे मागणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि मलाही. पण ‘साहेबांचं पत्र घेतलं’ हे घरी सांगता येतं. माझा खरा कस लागतो तो कामांच्या पत्रांत.

कामाचं नाव ही आमच्याकडची सगळ्यात नाजूक चीज. ‘मौजे अमुक, मधलीवाडी येथे पऱ्यावर साकव बांधणे.’ पऱ्या म्हणजे ओढा, साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल. एवढ्या एका ओळीवर अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता मिळते, प्रशासकीय मान्यता मिळते, कार्यारंभ आदेश निघतो, शेवटी बिल निघतं. पैसा त्या ओळीच्या मागून चालतो. ‘येथे’च्या जागी ‘ते’ पडलं तर पन्नास मीटरचा रस्ता दोन किलोमीटरचा होतो आणि अंदाजपत्रक जुळत नाही म्हणून फाइल परत येते. बाकीचे पीए ग्रामपंचायतीच्या ठरावातली ओळ जशीच्या तशी उतरवतात. मी गावाचा नकाशा उघडून बसतो. याचा मला गर्व आहे. म्हणजे होता.

मधलीवाडी हे नाव कोकणात शेकडो गावांत सापडेल, त्यामुळे सांगायला हरकत नाही. या मधलीवाडीची मुलं शाळेत जाताना पऱ्या ओलांडतात. दोन पोफळी आडव्या टाकलेल्या, सुंभाने आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने आवळलेल्या, धरायला एका बाजूने तार. पावसाळ्यात पोफळीवर शेवाळ धरतं. मुलं चपला काढून दप्तराच्या पट्ट्यात अडकवतात आणि आडवी सरकत जातात. पऱ्या भरून आला की शाळा बंद. वाडीने अर्ज केला, आम्ही शिफारस केली आणि जिल्हा वार्षिक योजनेतून पक्का साकव मंजूर झाला. त्यानंतर दोन पावसाळे गेले, साकव काही दिसेना. मंडळाचे लोक विचारत राहिले, मी ‘पाठपुरावा चालू आहे’ म्हणत राहिलो.

या पावसाळी अधिवेशनासाठी मी त्याचा तारांकित प्रश्न केला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षं तोच. ‘अमुक साकव मंजूर होऊनही काम सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय, असल्यास, याची चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ सरकारी उत्तरांचाही साचा ठरलेला: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. सोळा वर्षांत नुसतं ‘हे खरे आहे’ असं उत्तर दिसलं की मी तो कागद घडी घालून ठेवतो. फार थोडे आहेत माझ्याकडे. आमच्या प्रश्नावर आणखी सात-आठ सदस्यांची नावं जोडली गेली होती. त्यातल्या किती जणांनी साकव हा शब्द ऐकला असेल, देव जाणे.

त्या दिवशी यादीत आमचा प्रश्न नववा होता. तासाभरात पाच-सहा झाले तरी खूप, पण काही प्रश्नांना नाव असलेले सदस्यच हजर नसतात आणि गाडी भराभर पुढे सरकते. म्हणून मी साहेबांना उपप्रश्न लिहून दिले होते, पोफळींचा फोटो मोठा छापून घेतला होता. सकाळी उत्तरांची छापील यादी हातात आली. नववा प्रश्न काढला.

‘हे खरे नाही. सदर साकवाचे काम पूर्ण झाले आहे. प्रश्न उद्भवत नाही.’

आधी मला बरंच वाटलं. सरकार सभागृहात धडधडीत खोटं बोलतंय आणि माझ्या हातात फोटो आहे! पीएच्या आयुष्यात असे दिवस किती येतात? लॉबीत त्या विभागाचे कक्ष अधिकारी मंत्र्यांसाठी टिपणी घेऊन उभे होते. जुनी ओळख. मी फोटो त्यांच्यापुढे धरला. ते काही बोलले नाहीत. फाइल उघडून त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं.

आमचं लेटरहेड. साहेबांची सही. खाली जावक क्रमांक, माझ्या अक्षरात. विषय: कामाच्या नावात दुरुस्ती करणेबाबत. ‘मौजे अमुक, मधलीवाडी येथे पऱ्यावर साकव बांधणे’ याऐवजी ‘मौजे अमुक येथे साकव बांधणे’ असे वाचावे.

मधलीवाडी गेली होती. पऱ्याही गेला होता. गावात पऱ्यांना तोटा नाही. दुसऱ्याच एका ओढ्यावर चांगला सिमेंटचा साकव उभा राहिला होता. पलीकडे घर एकही नाही, काजूची बाग तेवढी आहे. कागदोपत्री सगळं चोख.

आणि मला तो रविवार आठवला. शिमग्याच्या आधीचा. आमचे एक जुने कार्यकर्ते आहेत, कधीकाळी तंटामुक्त गाव समितीचे अध्यक्ष होते, म्हणून लोक त्यांना अजून अध्यक्षच म्हणतात. विधानसभेच्या अध्यक्षांशी घोळ नको म्हणून मी इथे तंटामुक्त म्हणतो. बाहेर चाळीस माणसं बसलेली, प्रिंटरची शाई संपत आलेली, आणि तंटामुक्त टेबलाशी येऊन म्हणाले, “पीए सायेब, नाव जरा सुटसुटीत करा वो. वाडीचं नाव आसलं की पुढं ऑडिटला तरास व्हतो.” ऑडिटचं नाव काढलं की आमच्यासारख्यांचा हात आपोआप चालतो. मी नकाशा उघडला नाही. दोन मिनिटांत पत्र काढलं, सहीच्या गठ्ठ्यात सरकवलं. साहेब गाडीत बसता बसता सह्या करतात.

साकव झाल्यावर उद्घाटनाला बोलावणं आलं नव्हतं. आमच्याकडे हातपंपाचीही फीत कापतात. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आत सहावा प्रश्न चालू होता. साहेब उत्तरं वाचत नाहीत, उत्तर काहीही येवो, भाषण तयार असतं. ते उठून फोटो फडकावणार आणि मंत्री शांतपणे सांगणार, ‘सन्माननीय सदस्यांच्याच पत्रानुसार…’ मी चिठ्ठी लिहिली: ‘साकवावर बोलू नका. पत्र आपलंच आहे.’ शिपायाकडे दिली. लॉबीतल्या टीव्हीवर फक्त बोलणारे सदस्य दिसत होते, चिठ्ठी पोचली की नाही कळायला मार्ग नव्हता. सातवा प्रश्न पुकारला, सदस्य गैरहजर. आठवा सुरू झाला.

गोंधळ व्हावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. एरवी सभागृह तहकूब झालं की मीच सगळ्यात जास्त शिव्या घालतो, कारण महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. त्या दिवशी आठव्या प्रश्नावर विरोधक अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, वेलमध्ये उतरले, घोषणा सुरू झाल्या, दहा मिनिटांसाठी तहकुबी. परत बसले तोवर बारा वाजायला आले होते. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पटलावर ठेवली गेली. आमचं उत्तर छापील राहिलं, कुणी वाचलं नाही.

साहेब बाहेर आले, चिठ्ठी हातात चुरगळलेली. “कुठलं पत्र?” मी सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सही माझीच आहे ना? मग झालं.” ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी खोलीवर मधलीवाडीचं मुंबई मंडळ हजर. दहा-बारा माणसं, कामावरून थेट आलेली, हातात छत्र्या आणि डबे. प्रश्न यादीत लागल्याचं त्यांना कळलं होतं. शाल, श्रीफळ आणलं होतं. एका म्हाताऱ्याने साहेबांच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाला, “आमची वाडी इधानसभेत गेली वो.” साहेबांनी नारळ घेतला, पाठपुरावा चालू आहे म्हणाले. मग मंडळाच्या लोकांनी मलाही नारळ दिला. पत्रव्यवहार सगळा तुम्हीच बघता ना, म्हणून.

शनिवारी मी एकटाच दोन्ही जागी जाऊन आलो. काजूच्या बागेकडच्या साकवाला कठडे आहेत, बाजूंना दगडी भिंती आहेत, पांढरा चुना लावलाय. काम खरंच चांगलं झालंय. पऱ्यावरच्या पोफळींपैकी एक मधोमध कुजली होती, तिला बांबूचा टेकू दिला होता. पलीकडून एक काकी ओरडली, “काय वो, साकव झाला म्हंतात आमचा. कुठं झाला?”

तंटामुक्तांना अजून काही विचारलेलं नाही. निवडणुकीत त्यांच्या गावातल्या तीन बूथवर तेच बसतात. आणि दर शिमग्याला त्यांच्याकडून ओले काजूगर येतात, पिशवीभर, सोललेले. त्या वर्षीही आले होते. आम्ही उसळ केली होती. बाग त्यांचीच आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं. बाग कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, एवढंच खरं.

आता नव्याने प्रस्ताव टाकायचा तर शाखा अभियंत्याचं म्हणणं असं की ‘मौजे अमुक येथे साकव’ हे काम पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत आहे, त्याच गावाचा दुसरा साकव म्हणजे द्विरुक्ती. ती काढायची तर पहिलं काम दुसरीकडे का गेलं याचा खुलासा हवा. खुलासा म्हणजे आमचंच पत्र, आमच्याच सहीने. मसुदा मी करून ठेवला आहे. त्यात पहिल्या ओळीत मधलीवाडी आहे, पऱ्या आहे, शाळेचं नाव आहे, आणि खाली ‘अनवधानाने’ हा शब्द आहे. तो मी तीनदा खोडून परत लिहिला. साहेब म्हणाले, “थांब जरा, बघू.”

सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद दर रविवारी मी सगळ्यात वर ठेवतो आणि दर रविवारी तो तसाच परत येतो. पावसाळा संपला की मुलांना पऱ्यात उतरून जाता येईल, मग फोन येणं थांबेल. शिमग्याच्या आत सही झाली पाहिजे.