पस्तीस कुठून आले?

जून २०२३ मध्ये आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी प्राथमिक शाळा शिक्षकाविना उघडल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास आंतरजिल्हा बदल्या झाल्या, शेकडो शिक्षक एकदम आपापल्या जिल्ह्यांत गेले आणि त्यांच्या जागी यायला कोणीच नव्हतं. गेलेल्यांना मी दोष देत नाही. घाटावरून आलेला माणूस पंधरा-पंधरा वर्षं सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीवर काढतो. गावाकडे म्हातारे आई-वडील, बायकोची नोकरी तिसरीकडे. त्याला परत जावंसं वाटणारच. आमच्या शेजारच्या वाडीतले गुरुजी गेले तेव्हा बायका रडल्या होत्या, इतके चांगले गुरुजी होते ते. पण ते गेले आणि शाळेला कुलूप लागायची वेळ आली.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. या वाडीतली पोरं चौथीपर्यंत तिथं शिकतात आणि पुढं आमच्याकडे येतात. वाडीच्या शाळेचा पट सतरा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. प्रत्यक्षात केंद्रप्रमुखांनी पलीकडच्या गावातल्या एका बाईंना कामगिरीवर, म्हणजे तात्पुरतं, इथं पाठवलं होतं, त्याही आठवड्यातले काही दिवसच. एकदा त्यांना प्रशिक्षणाला बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आमच्या मुख्याध्यापकांकडे आले. ‘उद्या शाळा बंद ठेवू नका एवढंच बघा, सर. एकदा पोरं घरी राहायला लागली की परत बसत नाहीत.’

मुख्याध्यापकांनी मला जायला सांगितलं. मी म्हटलं, चार वर्ग एकटा कसा सांभाळणार, दहावीतली त्याच वाडीतली तीन मुलं बरोबर देता का? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘घेऊन जा. माझे वडील सातवीची फायनल देऊन मास्तर झाले होते. ही तर दहावीत आहेत.’

पावसाची रिपरिप चालू होती. परिपाठ व्हरांड्यात झाला. नंतर मी पहिलीची मुलं घेतली, कारण त्यांना अक्षरं गिरवायला बसवणं हे सगळ्यांत नाजूक काम. दुसरी एका मुलाकडे दिली, चौथी दुसऱ्याकडे आणि तिसरीची पाच मुलं मुलीकडे. खोल्या दोनच, मध्ये दार, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं.

चौथीकडे गेलेला मुलगा आमच्या वर्गातला पहिला. त्यानं फळ्यावर उदाहरण सोडवलं, ‘कळलं का?’ विचारलं, मुलं ‘हो’ म्हणाली, तो पुढच्या उदाहरणावर. तासाभरात त्याच्याकडचं सगळं संपलं. दुसरीवाला गोष्टी छान सांगत होता, त्याच्या भोवती मुलं चिकटून बसली होती. पण मला सांगायचं आहे ते तिसरीच्या कोपऱ्यातलं.

तिनं पाटीवर वजाबाकी घातली होती, बावन्न वजा सत्तावीस. एका मुलानं उत्तर लिहिलं पस्तीस. गणित शिकवणारा कोणीही ही चूक ओळखेल. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरगं उलटं करतं, सातातून दोन वजा करतं, पाच लिहितं; मग पाचातून दोन, तीन. बहुतेक मोठी माणसं इथं ‘चूक, हातचा घे’ म्हणतात आणि स्वतः खोडून दाखवतात. त्यात मुलाला एवढंच कळतं की वरच्या पाचाचा चार करायचा असतो. का, ते नाही.

ती ‘चूक’ म्हणाली नाही. तिनं विचारलं, ‘पस्तीस कुठून आले? मला करून दाखव.’ त्यानं बोट ठेवून दाखवलं. तिनं नीट ऐकलं, मान हलवली, कपाटातून काड्यांचा डबा आणला. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि सुट्या दोन काड्या त्याच्यापुढं ठेवल्या. ‘हे तुझे बावन्न. आता यातल्या सत्तावीस मला दे.’ त्यानं दोन गठ्ठे दिले. ‘आता सात.’ त्याच्याकडे दोनच सुट्या. तो तिच्याकडे बघायला लागला, शेजारची मुलगी काहीतरी सांगायला पुढं झुकली, तर हिनं तिला हातानं थांबवलं आणि गप्प बसली.

किती वेळ गेला असेल? दोन मिनिटं तरी. वर्गात दोन मिनिटांची शांतता फार लांब असते. माझ्या नोकरीतली पहिली कित्येक वर्षं मला ती झेपत नव्हती, उत्तर माझ्याच तोंडून बाहेर पडायचं. ही पंधरा वर्षांची मुलगी, कोणतंही प्रशिक्षण नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. मग त्या पोरानं एक गठ्ठा उचलला आणि रबर काढलं. काड्या फरशीवर पसरल्या. सात मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या, पंचवीस. त्यानं पाटीवरचे पस्तीस स्वतःच पुसले.

तिनं शाबासकीसुद्धा दिली नाही. एवढंच म्हणाली, ‘आणखी दोघांचं असंच झालंय. त्यांना तू दाखव. पण रबर त्यांनाच काढू दे.’

दुपारी खिचडी झाली, शाळा सुटली. वाडीतून खाली पाटाच्या कडेनं येताना दोघं मुलं पुढं गेली, ती माझ्याबरोबर मागं राहिली. म्हणाली, ‘सर, त्या तिघांची चूक एकसारखीच होती. म्हणजे ती वेंधळेपणाची नाही ना? त्यांनी काहीतरी ठरवलेलं असणार मनात.’

मी तिला तिथंच सांगितलं, ‘तू शिक्षिका हो.’

घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे हे वाक्य कोणी उच्चारतच नाही. गणितात ऐंशीच्या वर गुण पडले की इंजिनियर हो, जीवशास्त्र आवडलं की डॉक्टर हो, धावायला लागला की पोलीस भरतीची तयारी कर. दुसऱ्याची चूक कुठून आली याचं ज्याला कुतूहल आहे, अशा मुलाला मात्र काहीच सांगितलं जात नाही. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. ते पाहण्याची जागा एकच, वर्ग, आणि वर्गात तेव्हा शिक्षकच असतो. आम्ही बोललो नाही तर कोण बोलणार? कोकणापुरतं तर मला हे फारच निकडीचं वाटतं. बदलीनं येणारा माणूस आज ना उद्या जाणार. इथल्या वाडीतून शिक्षक झालेल्या मुलीचं घरच इथं असतं.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. शेतातून सरळ आली होती. बसा म्हटलं तर बसली नाही.

‘सर, माझा भाऊ डीएड झालाय,’ ती म्हणाली. ‘दोन वर्षं शिकला, कर्ज काढून. आता टेंपो चालवतो. आणि तुम्ही पोरीला हेच सांगता?’

मला तिचा भाऊ समोर दिसल्यासारखा झाला, कारण अशी माणसं मी गावागावांत पाहिली आहेत. त्या काळात गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, हजारो मुलं बाहेर पडली आणि २०१२ मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली. पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होणाऱ्या शिक्षक भरतीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधली वर्षं वयातून वजा झाली. पास होऊन लागलेल्याला तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, आणि त्याचं प्राथमिकचं मानधन २०२३ पर्यंत महिना सहा हजार होतं. मग ते सोळा हजार झालं.

हे सगळं मी त्या माऊलीपासून लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गालाही सांगितलं, फळ्यावर लिहून. बारावी, मग दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट, म्हणजे ती अभियोग्यता चाचणी, मग पोर्टल, आणि मध्ये किती वाट बघावी लागेल ते सरकारच्या मर्जीवर. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हाच मुख्य रस्ता करायचा आहे, तेही सांगितलं. मुलांना शिक्षक व्हा म्हणायचं आणि जागा भरल्या जात नाहीत हे झाकायचं, ही त्यांची फसवणूक आहे. जो मुलांना या पेशाकडे बोलावतो त्यानं तितक्याच मोठ्या आवाजात रिक्त जागा वेळेवर भरा असंही म्हटलं पाहिजे. मी ते शिक्षकांच्या सभांत म्हणतो, लोकप्रतिनिधी शाळेत आले की त्यांच्यासमोर म्हणतो.

तेव्हापासून आमच्याकडे नववी-दहावीची मुलं अधूनमधून वाडीच्या शाळेत जातात, तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली. रिकामी जागा भरायला नव्हे. आता तिथं नेमणूक झालेली आहे. ती जातात शिकवणं म्हणजे काय ते जवळून बघायला. बहुतेकांना ते आवडत नाही, आणि तेही कळलेलं बरं. दर वर्षी एखाद-दुसरं मूल परतताना प्रश्न विचारतं. त्याला मी बाजूला घेऊन सांगतो.

ती मुलगी आता बारावीला आहे. त्या वर्षी जिल्ह्यात स्थानिक डी.एड. धारकांना तात्पुरत्या मानधनावर शाळांवर घेतलं, त्यात तिचा मामाही होता. नियमित शिक्षक आले तसा तो पुन्हा टेंपोवर गेला. गेल्या गणपतीत तो मला भेटला. मला वाटलं भाचीला परावृत्त कर म्हणून सांगेल.

‘तिला करू दे, सर,’ तो म्हणाला. ‘फक्त माझ्यासारखं नुसत्या डीएडवर थांबू नको म्हणावं. बरोबर पदवी घे. टीईटीचे दोन्ही पेपर दे, पहिली ते पाचवीचा आणि सहावी ते आठवीचाही. आणि इंग्रजी पक्कं कर, टेटमध्ये तिथंच आपली पोरं मार खातात. माझी जुनी पुस्तकं आहेत माळ्यावर, नेऊन देतो तिला.’