वसईतली काळोखी रात्र

वसईत रिक्षावाल्याला नुसतं ‘चर्चपाशी सोडा’ म्हणू नये. गावोगाव चर्च आहे, काही तर चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला घेतला त्याच्याही आधीची. मी अर्थातच भलत्या चर्चपाशी उतरलो आणि केळीच्या वाड्यांमधून चालत मित्राचं घर गाठलं.

१९ एप्रिल २०२५, ईस्टरची आदली रात्र. हनुमान जयंती होऊन आठवडा झालेला, त्यामुळे चंद्राचा पत्ता नव्हता. चर्चच्या अंगणात आम्ही उभे राहिलो आणि सगळे दिवे मालवले गेले. कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ तेवढं उजळलं. एका आजीने ‘शूक’ केल्यावर तेही झाकलं गेलं.

मग अंगणातच लाकडं पेटली. फादरांनी हातभर उंचीच्या जाड मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चार आकडे: २, ०, २, ५. ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच खडे खोचले. त्या आगीवर ही पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पेटली आणि तिच्यामागून आम्ही अंधाऱ्या चर्चमध्ये शिरलो. ‘ख्रिस्ताचा प्रकाश!’ ‘देवाला धन्यवाद!’ असं तीनदा, तीन ठिकाणी थांबून. मधल्या थांब्यावर आमच्या हातातल्या मेणबत्त्या पेटल्या. माझ्या बोटावर मेण सांडलं.

नंतरच्या लांबलचक स्तोत्रात या रात्रीची थोरवी गायली जाते, आणि तिच्यात चक्क मधमाश्यांचाही मान आहे, मेण त्यांचंच ना! मला हे फार आवडलं. पुढची वाचनं जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होतात. खरं सांगायचं तर तिसऱ्या वाचनाला मला डुलकी लागली. जाग आली ती घंटांनी. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजायला लागल्या होत्या.

मित्राची आई माझ्या शेजारीच बसली होती. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर तिने त्या मोठ्या मेणबत्तीकडे बोट केलं. “ही वर्षभर राहते रे. बाप्तिस्म्याला हीच, मयताला पण हीच. गेल्या श्रावणात आमच्या ह्यांच्या पेटीजवळ होती ना, ती २०२४ची.”

“मग आता ती कुठे गेली?”

“जुनी झाली,” ती म्हणाली. “पण पेटवली होती ती अशाच रात्री.”

स्वतःची मेणबत्ती तिने विझवली नाही. पदराचा आडोसा धरून ती घरी निघाली. वळणावर खाडीकडून वारा आला आणि ज्योत गेली. मागून येणाऱ्या शेजारणीने न बोलता आपली मेणबत्ती पुढे केली. घरी येशूच्या तसबिरीखाली, काकांच्या फोटोशेजारी, ती ठेवली गेली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मित्राची आई तेवढ्यात फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोल गोळे, तळायला बसलीसुद्धा.