टॉर्नेडोनंतर चर्चची माणसं नेमकं काय करतात

मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे वादळी वारा सुटला की केळीच्या बागा आडव्या होतात, पत्रे उडतात आणि मग सगळे तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट बघतात. इकडे अमेरिकेत मिझुरी-ओक्लाहोमा पट्ट्यात टॉर्नेडो येतो. आपल्या वावटळीचा भाऊ म्हणायला जाल तर फसाल. २२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉप्लिन गावात त्यानं दीडशेहून जास्त माणसं नेली. अशा वेळी सरकारी यंत्रणेच्या बरोबरीनं चर्चची माणसं उतरतात, आणि ती कामं वाटून घेऊनच येतात.

भंडाऱ्यात कसं, एक गल्ली बट्ट्या तळते, दुसरी वरणाचं पातेलं सांभाळते, तसंच. पिवळ्या कपड्यांतले सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे लोक स्वयंपाक करतात आणि झाडं तोडतात. रांधलेलं अन्न गावभर पोचवायला बहुधा रेड क्रॉसच्या गाड्या असतात. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक मदतीच्या सामानाचं गोदाम बघतात. ब्रेदरन पंथाचे प्रशिक्षित स्वयंसेवक निवाऱ्यात लहान मुलांना सांभाळतात, म्हणजे आईबाप अर्ज भरायला मोकळे.

झाड तोडणं दिसतं तितकं सोपं नाही. पडलेलं खोड वाकून एका बाजूनं दाबलेलं आणि दुसऱ्या बाजूनं ताणलेलं असतं. आधी दाबाच्या बाजूनं थोडा काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूनं. उलट केलं तर खोड फाटून अंगावर येतं, नाहीतर पातं आत अडकतं. मुळासकट उपटलेलं झाड तर फसवंच: खोड कापून वजन उतरलं की मुळांचा गड्डा झटक्यात खड्ड्यात परत बसतो, म्हणून त्यामागे कुणालाही उभं करत नाहीत.

ताडपत्रीतही हातोटी लागते. निळा कागद फुटक्या जागेपुरता लावला की वरच्या कडेखालून पाणी शिरलंच. तो आढ्यावरून पलीकडच्या उतारावर तीन-चार फूट जायला हवा. कड नुसती खिळ्यानं ठोकली तर पहिल्याच वाऱ्यात खिळ्यापाशी फाटते. म्हणून ती लाकडी पट्टीभोवती एक-दोन वेढे गुंडाळायची, पट्टी पालथी करायची, म्हणजे गुंडाळी खाली दबते, आणि मग पट्टीतून स्क्रू मारायचे. बाजूंना वरून बारीक पट्ट्या. आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवतात, तो उपाय इथे कुणी करू देणार नाही. टॉर्नेडोच्या मुलखात सुटा दगड म्हणजे तोफगोळा. एवढं करूनही उन्हानं ताडपत्री विरतेच. ही मलमपट्टी फार तर दोन-चार महिन्यांची.

घरात पाय ठेवण्याआधी मालकाची परवानगीची सही घेतात आणि विम्यासाठी फोटो काढायला सांगतात. उत्साहात आधी साफसफाई केली की पुरावा कचऱ्यात जातो. राडाही एकत्र लोटायचा नाही: फांद्या वेगळ्या, विटा-लाकूड वेगळं, फ्रिज वेगळा, रंग-रसायनं वेगळी. ढीग मिसळला तर उचलणारी गाडी तो तसाच सोडून पुढे जाऊ शकते.

सगळ्यांत जास्त डोकेदुखी जुन्या कपड्यांची. न मागता गठ्ठे येतात, पावसात भिजतात, बुरशी धरतात आणि निवडायला वीस माणसं अडकतात. छपरावर हवे असलेले हात साड्यांच्या, माफ करा, स्वेटरांच्या घड्या घालत बसतात. म्हणून चर्च स्पष्ट सांगतं: पैसे द्या, नाहीतर आम्ही मागू तेवढंच द्या.

हजेरीवहीकडे मात्र आपल्या मंडळांनी जरूर बघावं. प्रत्येक स्वयंसेवकाचं नाव, काम, आल्या-गेल्याची वेळ. अमेरिकेचं केंद्र सरकार सार्वजनिक मदतकामांच्या खर्चाचा साधारण ७५ टक्के भार उचलतं; उरलेल्या स्थानिक हिश्शात या फुकट श्रमाचे तास पैशांत मोजून धरता येतात. वही नीट नसेल तर ते तास गेले.

महिन्याभरात कॅमेरे निघून जातात. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. १९५० पासून त्यांची संस्था हेच करते: विमा नसलेल्यांची, म्हाताऱ्यांची घरं पायापासून उभी करणं. सुतार, वायरमन, प्लंबर आठवड्याच्या पाळ्यांनी येतात. एक तुकडी भिंती उभारून जाते, पुढची छप्पर चढवते.