भाडं दर महिन्याला लांबतं तेव्हा: मुंबईतल्या घरमालकाचा अनुभव

मुलुंडचा फ्लॅट मी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर देतो. 5 तारखेचं भाडं 18-20 तारखेला येऊ लागलं, की मी आधी भाडेकरूच्या पगाराची तारीख विचारतो. पगारच 7 तारखेला होत असेल तर 5 तारीख पाळली जाणार कशी? अशा वेळी नव्या करारात 10 तारीख घालावी आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे आपोआप वळवण्याची सूचना) लावून घ्यावी. बरीच कटकट इथेच मिटते.

तरीही उशीर होत राहिला तर नुसत्या फोनवर भागवू नये. मुदत उलटली की दुसऱ्याच दिवशी मी मेसेज करतो: 'ऑक्टोबरचं भाडं 30,000 रुपये, मुदत 10 तारीख, अजून जमा नाही. कधी भरताय ते इथेच लिहून कळवा.' महिना, रक्कम, तारीख तिन्ही हवंच. अर्धेच पैसे आले तर ते जुन्या थकबाकीत जमा केल्याचं पावतीवर लिहावं, नाहीतर कुठल्या महिन्याचं किती राहिलं यावर वाद होतो. उशिराचा दंड लावायचा तर तो करारात लिहिलेला असावा.

'डिपॉझिटमधून वळते करा' याला मी ठाम नकार देतो. 90,000 डिपॉझिट तीन महिन्यांत संपतं. मग थकलेलं लाईट बिल आणि मोडतोड कशातून भागवणार?

पाणी किंवा वीज तोडायची नाही, कुलूप बदलायचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 नुसार अत्यावश्यक सेवा तोडणं गुन्हा आहे. बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत ताबा परत मागायला कोर्टात जाऊ शकतो, आणि बाजू बरोबर असूनही मालकच अडकतो.

खरा आधार नोंदणीकृत कराराचा. कलम 55 प्रमाणे नोंदणी मालकाची जबाबदारी; ती नसेल आणि उलट सिद्ध करता आलं नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हजाराची नोंदणी फी आणि थोडी स्टँप ड्युटी वाचवून हा धोका घेऊ नये.

कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूने बचावाची परवानगी मागितली नाही, तर ताब्याचा आदेश होऊ शकतो. मुदतीनंतरच्या काळाची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. मुदत संपल्यावर आलेल्या पैशांची पावती 'भाडं' म्हणून देऊ नये. 'वापराची भरपाई, हक्क राखून' असं लिहावं.

पागडीच्या घराला (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर कायमचं घेतलेल्या जुन्या घराला) यातलं कलम 24 लागू नाही. तिथे थकबाकीची लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावं लागतं. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूने 90 दिवसांत 15 टक्के व्याज आणि खर्चासह थकबाकी भरली, पुढचं भाडंही भरत राहिला, तर त्या कारणावरून घर खाली करून मिळत नाही.