आमची वाटचाल: आधी पाइप, मग मोजमाप

सुरुवात वेल्डिंगपासून झाली. मोटरसायकलच्या इंजिनातून धूर बाहेर नेणारे तडकलेले बेंड पाइप जोडायचे, गंजलेल्याच्या जागी नवा वाकवून द्यायचा, एवढंच काम. एकाने स्टेनलेसचा हेडर, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप, करून मागितला, तो जमला आणि धंदा त्या वाटेला लागला.

तेव्हा आमचा समज असा, की पाइप जितका मोठा तितकी गाडी पळणार. ३२ मिलिमीटरच्या जागी ३८ चा लावून दिला. आवाज भारदस्त, गिऱ्हाईक खूश. आठवड्याने तोच माणूस दारात: "वरच्या आरपीएमला ठीक आहे हो, पण हळू चालवताना उचलतच नाही." आम्ही सगळं खापर जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, फोडलं. मोठा जेट टाकला, मग त्याहून मोठा. प्लग काळा पडला, ॲव्हरेज गेलं, पिकअप होतं तिथेच. दुखणं पेट्रोलचं नव्हतंच. पाइप रुंद झाला की आतल्या वायूचा वेग मंदावतो, आणि सिलिंडर रिकामा व्हायला खालच्या आरपीएमला जी ओढ लागते ती कमी पडते. जेट बदलून ती कुठून येणार? तो हेडर परत घेतला आणि मूळ मापाचा करून दिला. पदरचे पैसे गेले.

त्यानंतर वाइडबँड सेन्सर घेतला, धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात सांगणारा. आमच्या दुकानातली सगळ्यात शहाणी वस्तू तीच.

हेडर बदलल्यावर ट्युनिंग, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण नव्याने जुळवणं, लागेल का, हे सगळेच विचारतात. हेडर मूळ मापाच्या जवळपास असेल, सायलेन्सर आणि एअर फिल्टर कंपनीचेच असतील, तर बहुतेक वेळा नाही. इंजेक्शनच्या गाडीत एकसारख्या वेगाने जाताना ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून मिश्रण १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा) आसपास राखतो, त्यात थोडाफार फरक पचतो. पण मूठ पूर्ण पिळली की बहुतेक गाड्या सेन्सरला विचारत नाहीत, ईसीयूत आधीच भरलेल्या तक्त्याने, म्हणजे मॅपनेच, पेट्रोल सोडतात. तिथे आकडा १३ च्या बराच वर गेला, तर मॅपला हात लावावाच लागतो. फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा, सायलेन्सर आणि मोकळा फिल्टरही सोबत आला, तर ही शक्यता फार वाढते. कार्ब्युरेटरला सावरून घेणारा सेन्सर नसतो, त्यामुळे तिथे जेट तपासतोच.

इंजिन आणि हेडर यांच्या सांध्यात बसणाऱ्या गॅस्केटने मात्र आम्हाला महिनाभर फसवलं. मूठ सोडली की फटफट आवाज, म्हणून मॅपवर मॅप बदलत बसलो. शेवटी सापडली ती त्याच सांध्यात, इंजिनाच्या हेडच्या तोंडाशी, केसाएवढी फट. तिथून बाहेरची हवा आत शिरायची, सेन्सरला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय. आता जुना गॅस्केट पुन्हा वापरत नाही, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळतो आणि गाडी एकदा तापून थंड झाली की परत बघतो.

मोजून झाल्यावर "काही करायची गरज नाही" म्हटलं, की काहींचा चेहरा पडतो. मोजणीचे पैसे मात्र आम्ही घेतो.