पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध

सकाळी पावणेसातला नागपूरहून एका फिल्मवाल्या मुलाचा फोन. "दादा, पिक्चर लॉक केलं. शेवटच्या शॉटवर तो म्हातारा गुणगुणतो ना, तो कुठून आणला हो तुम्ही? एडिटवर बसून रडलो मी." मी दात घासत होतो. कोणता म्हातारा, काही केल्या आठवेना. "सांगतो नंतर," म्हणून फोन ठेवला आणि चूळ भरली.

आठवलं ते दुपारी तीनला. तोवर दिवसाचा पार चुराडा झाला होता.

ब्रह्मपुरी-वडसा रस्त्यावरून आत वळलं, की वैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. घरामागच्या धानाच्या जुन्या कोठीत माझा स्टुडिओ आहे. चारही कोपऱ्यांत तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, गच्च भरलेली पोती छतापर्यंत रचली आहेत आणि भिंतींवर आईच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळी टांगल्या आहेत. शहरातले मित्र हसतात. पण खर्जातलं घुमणं तणस जसं गिळतं, तसं बाजारातला बोटभर जाडीचा फोम गिळत नाही. तो फक्त वरची चिरचिर कमी करतो आणि खोली आणखी गढूळ वाटायला लागते. तणसाचा दोष एकच, उंदीर. म्हणून दर वर्षी नवं तणस निघालं की पोती पुन्हा भरायची. वर कवेलू, त्याखाली बांबूच्या चटईचं छत. पाऊस असेल तर रेकॉर्डिंग नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो.

विजेचं वेगळंच. ऑक्टोबरात जड धान भरत असतो, सगळ्या बांधांवर मोटारी चालू असतात आणि संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की पंखा विचार करत फिरतो. पहिला इन्व्हर्टर स्वस्तातला, चौकोनी लहरीचा घेतला होता. त्यावर माईक लावला की भुंगा पाळल्यासारखा आवाज. साइन वेव्हचा घेतला तेव्हा भुंगा गेला, पण खालची ५० हर्ट्‌झची गुरगुर राहिलीच. ती अर्थिंगमुळे. पावसाळा संपला की जमीन सुकते आणि अर्थिंगचा खड्डा, मीठ-कोळसा घालूनसुद्धा, काम करेनासा होतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी आधी खड्ड्यात बादलीभर पाणी. आई म्हणते, "तुळशीले कधी घातलं नाही एवढ्या नेमानं."

आमच्याकडे कामं सारखी वाटून येत नाहीत, ढीग पडतो. भाऊबीज झाली की झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली गावोगावची, नाटकं सुरू, ती होळीपर्यंत, रात्र रात्र. २०२३ मध्ये तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या बऱ्याच जणांना झाडीपट्टी काय ते समजलं. आम्हाला ती दर ऑक्टोबरला दारात येऊन उभी राहते, "उद्याच पाहिजे" म्हणत. त्यात यंदा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीआधी गावच्या भजन मंडळाला नऊ भजनं पेनड्राइव्हवर हवी होती. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला, पण पुण्यतिथी तिथीने होते, अश्विन वद्य पंचमीला, म्हणून मुदत दर वर्षी सरकते आणि मंडळाला ती दर वर्षी नव्याने आठवते. तिसरं काम हा नागपूरचा मुलगा. १९ मिनिटांची फिल्म, एका मामा तलावावर. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. आमच्याकडे तलावाला मामा म्हणतात याचं त्याला इतकं कौतुक, की फिल्मचं नाव तेच ठेवायला निघाला होता.) महोत्सवाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची.

तर नऊ वाजता नाटकाचे मालक आले, सोबत जाहिरातीच्या गाडीचा पोरगा. शीर्षकगीत ऐकवलं. मालक म्हणाले, "हेडफोनमंधी बेस वाटते, गाडीवर लावून पाहा." (बेस म्हणजे आमच्याकडे छान.) हे मात्र बरोबर बोलले. नाटकाचं गाणं मी हेडफोनसाठी करतच नाही. जीपवरच्या भोंग्यातून ते गावभर फिरणार. भोंग्याला खर्ज नसतोच, म्हणून शंभर हर्ट्‌झच्या खालचं सगळं आधीच कापून टाकतो, नाहीतर अँप्लिफायर उगाच धापा टाकतो. दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करायचं, कारण कुठल्या गावात डावी वायर तुटलेली असेल याचा नेम नाही. मागे एकदा स्टिरिओ दिलं, तर अख्ख्या सीझनभर बासरी एकाही प्रेक्षकाने ऐकली नाही. फायलींच्या नावापुढे ०१, ०२ आकडे टाकायचे, कारण साउंडवाला अंधारात नाव वाचत नाही, फक्त पुढचं बटण दाबतो. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. की-बोर्डवाल्याने दोन वर्षांपूर्वीचीच तयार लूप पुन्हा घातली होती, ती काढून हाताने ढोलकी बसवली, त्यात बारा वाजले. पैशांचं विचारलं तर "सीझन निघू द्या जी." सीझन निघतो. पैसे त्याच्या मागून, बैलबंडीने.

जेवून फिल्मचं सेशन उघडलं. शेवटचा शॉट : मुलगी तलावाच्या पाळीवरून चालत जाते, संध्याकाळ, पाण्यावर सिंगाड्याचे वेल. त्याखाली आवाजाची एक पट्टी. तिचं नाव मीच दिलेलं, 'खंजिरी ७ तात्पुरतं'.

पोटात गोळा आला.

महिनाभरापूर्वी मंडळाच्या खंजिरीवाल्या बाबाजींचं रेकॉर्डिंग केलं होतं. खंजिरी रेकॉर्ड करणं म्हणजे कसोटी असते. थाप इतकी अचानक येते की मीटरची सुई डोळ्याला दिसायच्या आत आवाज फाटून मोकळा होतो. माईक समोर धरला तर चकत्यांची छनछन कानाला टोचते. मी तो दोन वीत लांब, कडेने तिरपा, बाबाजींच्या अंगठ्याच्या रोखाने ठेवतो. मग चामड्याचा 'धूम' आत येतो आणि चकत्या मागे, जत्रेत राहाव्यात तेवढ्या अंतरावर राहतात. सप्टेंबरच्या दमट हवेत चामडं उतरतं, म्हणून दर दोन भजनांनी बाबाजी शंभरच्या पिवळ्या बल्बसमोर खंजिरी धरून बसायचे. माईक चालूच असायचा. सातव्या टेकनंतर असेच बसले असता ते काहीतरी गुणगुणले. शब्द नाहीत, नुसतं हुंकारत, मधे एकदा खाकरणं. ४१ सेकंद.

पुढे एका रात्री दीड वाजता दिग्दर्शकाला शेवटच्या शॉटला 'काहीतरी' पाठवायचं होतं. ट्यूबलाइटवर धानाचे तुडतुडे घोंगावत होते, काही स्क्रीनवर, दोन माझ्या चहात. हाताशी हा तुकडा दिसला, ओढून टाकला. तात्पुरतं म्हणून. नंतर खरंखुरं काहीतरी बनवू म्हणून. आणि नंतर नाटक आलं, भजनं आली.

हे एवढंच असतं तरी वाईट होतं. मी स्वतः पोरांना सांगत फिरतो की लेखी घ्या, कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे, २०१२ ला तो आणखी पक्का झाला. आणि माझ्याच सेशनमध्ये एका माणसाचा आवाज न विचारता नागपूरला जाऊन तिथल्या मुलाला रडवून आला होता.

पण ऐकताना दुसरंच खटकलं. हा आवाज बाबाजींचा नव्हता. म्हणजे होता, पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा नव्हता. चाळिशीतला कोणी वाटत होता. हार्मोनिअम ओढून स्वर शोधला. बाबाजी गातात काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. हा पांढरी दोनला जुळेना, काळी दोनलाही जुळेना. दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या तर त्यांच्या मधोमध कुठेतरी. मग उजेड पडला. भजनं मी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन रेकॉर्ड करतो, फिल्म ४८,००० वर चालते. फाइल आत घेताना संगणक विचारतो, बदलून घेऊ का? दीड वाजता मी 'नाही' दाबलं असणार. संगणकाने मुकाट्याने ४४,१०० वाले नमुने ४८,००० च्या हिशेबाने वाजवले. जवळजवळ नऊ टक्के जलद, जवळजवळ दीड पट्टी वर, ४१ सेकंदांचे ३७ आणि थोडे. स्वरच नाही, कंठाची जाडीसुद्धा वर सरकते, म्हणून वय उतरतं.

नवख्याची चूक. बारा वर्षं हे काम करतो आहे.

दिग्दर्शकाला फोन केला. नीट केलेला तुकडा पाठवला. पाच मिनिटांत परत फोन : "दादा, हा नको. हा म्हातारा वाटतो." अरे, म्हाताराच आहे तो! "नाही, तो दुसरा म्हातारा पाहिजे. आणि मी शॉट त्याच्यावर कापला आहे, आता ८० फ्रेम कुठून आणू?" हे नागपूरचे पोरं एरवी सगळं 'रॉ' पाहिजे म्हणून जीव खातात. खरंखुरं हातात दिलं की नको. शेवटी म्हणाला, "परवानगीचं तुम्ही पाहा, आणि स्वर म्हणून नाव काय टाकू तेवढं रात्री कळवा."

संध्याकाळी बाबाजींकडे गेलो. अंगणात खाटेवर बसून दोरी वळत होते. आजी चुलीपाशी. इकडचं तिकडचं झालं, धानावर मावा आहे काय वगैरे, मग त्यांच्या कानाला हेडफोन लावले. आधी तोच, फिल्ममधला.

ऐकता ऐकता त्यांनी मान डोलावली. "बेस गाते. कोन व्हय हा?"

"तुमीच, बाबाजी."

"ह्यॅ. माहा आवाज काय असा हाये?"

आजींनी हात पुसून एक कान स्वतःच्या कानाला लावला. खाकरणं आलं तशी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमीच त हाव. खोकलता कसे, पाहा. पन आताचे नाही."

"मंग तवाचा मी यायच्या मशीनमंधी कसा गेलो?"

मी सगळं सांगितलं. न विचारता घेतल्याचं आधी, मग चुकीचं. नमुने, दर, ४४,१००... माझं मलाच ऐकवत नव्हतं. बाबाजी दोरी वळत ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे लहान पायलीनं मोजून ठेवला होता धान, अन् मोठ्या पायलीनं मापला. म्हून लवकर सरला."

इतकं चोख मला कुणी समजावलं नव्हतं. मी हो म्हटलं.

"राहू दे मंग. लोकाईले आवडला तं राहू दे. माहा नाव नको लावू पन. तो मी नाही व्हय." मी पाचशेची नोट काढली, ती त्यांनी आजींच्या हाती दिली, आजींनी निमूट कमरेला खोचली. कागदावर सही घ्यावी की नाही, घेतली तर कोणाच्या आवाजासाठी, हे मला तिथे सुचेना. कागद खिशातच राहिला. उठता उठता बाबाजींनी हळूच विचारलं, "भाऊ, त्या भजनाईले पन मोठी पायली लावता येते काय?"

भजनांचा पेनड्राइव्ह सकाळी द्यायचा होता.

रात्री करून पाहिलं. खंजिरी डब्यासारखी वाजायला लागली. हार्मोनिअम कुठल्याच पट्टीत बसेना, मागचे कोरसवाले, ज्यात दोन माजी सरपंच आहेत, शाळकरी पोरं वाटायला लागले. बाबाजींचा एकट्याचा आवाज त्यात होता तेवढा मात्र तसाच, चाळिशीचा, भरलेला. त्यांचा गळा वेगळा काढून तेवढाच वर नेता येतो, आताची सॉफ्टवेअरं ते करतात. तासभर त्याच्यापाशी बसलो. मग मिटवलं. भजनं होती तशीच दिली. का, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही आणि त्यांनीही विचारलेलं नाही. मी फिल्मवाल्याला चूक विकली आणि ज्याचा आवाज त्यालाच ती नाकारली, असा हिशेब मांडला की तो बरोबर येत नाही. उलटा मांडला तरी येत नाही.

फॉर्मवर दिग्दर्शकाने 'स्वर : एक शेतकरी' असं स्वतःच टाकून दिलं. मला ते आवडलं नाही, पण दुसरं काय टाकायचं ते मी कळवलंही नव्हतं.

पेनड्राइव्हवर नऊ भजनांच्या मागे मी एक १० नंबरची फाइल टाकली होती. ती ३७ सेकंदांची. बाबाजींना घरी ऐकायला म्हणून. पुण्यतिथीच्या पहाटे ध्यान, रामधून सगळं झाल्यावर मंदिरावरच्या भोंग्यातून भजनं लागली. नववं संपलं. साउंडवाला चहाला गेला होता, पुढचं बटण दाबायलाही कोणी नव्हतं, पण त्या प्लेअरचं आपोआप पुढे जाणं चालू राहिलेलं. लोक चपला शोधत होते. एकाने वर पाहून विचारलं, हे कोण्या गावचं मंडळ? बाबाजी खंजिरी पिशवीत घालत होते. त्यांनीही वर भोंग्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाले, "माईत नाही बाप्पा. पन बेस गाते."