मॅसीची नोंद ४ : रंग उतरवायला विहिरीचा कंप्रेसर

मागच्या नोंदीत ग्राइंडरचा वायर ब्रश आणि पेंट रिमूव्हर यांच्याशी झालेली झटापट लिहिली होती. सपाट जागी ब्रश बरा चालतो, पण आमच्या जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सच्या फासळ्या आणि बोल्टांमागच्या खाचा यांत तो शिरतच नाही. त्यात दर दोन-तीन वर्षांनी खंडेनवमीच्या पूजेआधी आजोबांनी मिळेल त्या डब्यातला रंग फासलाय. बॉनेटच्या एका टवक्यात चार लाल निघाले, चारही वेगळे. तेव्हा सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेनं दाणे मारून रंग खरवडायचं ठरलं.

पहिली चूक सगळे करतात तीच केली. वर वाटी असलेली साधी गन आणली आणि घरच्या २ एचपी कंप्रेसरला लावली. वीस सेकंद झकास, मग नुसती फुसफुस. टाकी भरेपर्यंत दहा मिनिटं बसा, पुन्हा वीस सेकंद. अशानं एक मडगार्ड व्हायला बेंदूर उजाडला असता.

गन वाईट नव्हती, हवा कमी पडत होती. पिस्टन कंप्रेसर एका एचपीला साधारण ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो, म्हणजे माझ्याकडे फार तर ८. ३ मिमीच्या नोझललाच (गनच्या तोंडालाच) ९० पीएसआय दाबावर १८-२० सीएफएम लागते, ५ मिमीला ४० च्या आसपास, ६ मिमीला ७० च्या घरात. भोक दुप्पट झालं की हवा चौपट. टाकी मोठी घेतली तर फक्त सुरुवातीचे सेकंद वाढतात. दुकानात पीएसआयचा आकडा मोठ्या अक्षरात रंगवलेला असतो. तुम्ही सीएफएम विचारा, तोही नोझलच्या दाबाला किती मिळतो ते.

मग प्रेशर पॉटकडे, म्हणजे दाण्यांच्या बंद टाकीकडे वळलो. वाटीच्या गनमध्ये दाणे हवेच्या ओढीनं वर येतात. पॉटमध्ये दाण्यांवरही दाब असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त काम उरकतं. पॉट कुपवाड एमआयडीसीतून जुना मिळाला. हवेचा प्रश्न उरलाच. २० सीएफएमला ५ एचपी लागणार, घरी सिंगल फेज, आणि शेतीच्या कनेक्शनवर असले उद्योग करायचे नसतात.

उत्तर रस्त्यावरूनच जात होतं. आपल्याकडं तासगाव, कवठेमहांकाळ, जत पट्ट्यात विहिरीच्या कातळाला भोकं मारायला ट्रॅक्टरवर बसवलेला कंप्रेसर असतो. शंभर सीएफएमच्या वर हवा, डिझेलवर, भाडं तासावर. असल्या एका कंप्रेसरवाल्यांना फोनवर म्हटलं, "मामा, ब्लास्टिंगचं काम आहे." पलीकडून प्रश्न आला, "हीर किती परस गेलीया?" विहिरीत सुरुंग लावायचे नाहीत, ट्रॅक्टर खरवडायचाय हे पटवायला पाच मिनिटं गेली. पावसाळ्यात त्यांना काम नसतं, पण दमट हवेत उघडं लोखंड तासाभरात तांबूस होतं. म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस धरले.

दाण्यांवरून घरी वाद झाला. अण्णा म्हणाले, "कृष्णाकाठाला राहून वाळू इकत घेतोस व्हय?" नदीची वाळू म्हणजे सिलिका. लोखंडावर आपटून तिची जी बारीक धूळ होते ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं. बिडाच्या अंगाला कॉपर स्लॅग (तांब्याच्या भट्टीतल्या मळीचे दाणे) वापरला, पत्र्याला ८० मेशचं, म्हणजे बारीक, गार्नेट खनिज. गार्नेट महाग, पण चाळून दोन-तीनदा फिरतं. हवेचा हूड (नळीनं स्वच्छ हवा देणारा डोक्यावरचा टोप) भाड्यानं आणला आणि त्याला वेगळ्या तेलविरहित पंपाची हवा दिली. कंप्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते, ती नाकात नको.

खरी मेहनत आधीची. ग्रीस आणि मातीचे पापुद्रे खुरप्यानं काढले, मग डिझेलनं धुतलं, मग साबणाच्या पाण्यानं. ग्रीसवर दाणे रुतून बसतात, रंग तसाच राहतो. ब्रीदर (हवा जायचं तोंड), डिपस्टिकचं भोक, सील, नंबरची पाटी यांवर जुन्या ट्यूबचे तुकडे तारेनं आवळले. गोणपाट दोन मिनिटांत फाटतं. रबरावरून दाणे उडतात. स्टार्टर आणि डायनामो सरळ उतरवून ठेवले. एक दाणा बेअरिंगमध्ये गेला तर सगळी हौस फिटेल.

पाणी हा दुसरा शत्रू. दाबलेली हवा तापते, नळीत गार झाली की पाणी सोडते, पॉटमध्ये दाण्यांचा चिखल होतो. वीस फूट जीआय पाइप खालीवर फिरवला, प्रत्येक तळाला कॉक दिला, शेवटी पाणी अडवायला ट्रॅप. अर्ध्या तासाला कॉक उघडले की पेलाभर तरी निघायचं.

गिअरबॉक्स आणि हाउसिंग ९० पीएसआयवर ५ मिमी नोझलनं एका सकाळीत करडं निघालं. पत्र्याला मात्र दाब ४०-५० वर उतरवला, नोझल तिरकं धरलं, हात एका जागी थांबू दिला नाही. पत्रा वाकतो तो तापून कमी आणि दाण्यांच्या माऱ्यानं एक बाजू पसरून जास्त. हे बॉनेटच्या डाव्या कडेवर शिकलो. तिथं आता हलका फुगवटा आहे. हात फिरवल्यावर कळतो, लांबून नाही. उजव्या बाजूला रंगाखाली बोटभर जाड लांबी (पुट्टी) निघाली. आजोबा तो कोपरा कुणाला धुवू का देत नव्हते ते आता समजलं.

दुपारी चारच्या आत हातमोजे घालून एपॉक्सी प्रायमर मारला. दव पडायच्या आत झाला पाहिजे. एका जागी उघडा पंजा टेकला होता, तिथं सकाळी पाच बोटं गंजून उमटली.

मडगार्ड आणि सीट राहिलेत. सिरॅमिक नोझल एका दिवसात झिजलं. ५ चं ड्रिल बिट त्यात सैल खेळतंय, साडेपाचाचंही जातंय. कार्बाइडचं नोझल सांगितलंय. ते आलं की मामांना पुन्हा फोन.